दार बंद होईपर्यंत टाइप करायचं

माझ्या बायोडेटात सात वर्षांची गॅप होती. ती भरून काढायची वेळ आली तेव्हा मी आणखी एक वर्ष घेतलं.

लग्नाआधी पुण्यात मी चार वर्षं मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या कंपनीत होते. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल आणि कानात कुणा अमेरिकन डॉक्टरचा घाईचा आवाज. पेडल दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प. शरीरातल्या झाडून सगळ्या हाडांची स्पेलिंगं मला येत होती, पण ज्यांच्या हाडांबद्दल मी टाइप करत होते त्यांतल्या एकाचाही चेहरा मी कधी पाहिला नाही. मग लग्न झालं. नवऱ्याला आयर्लंडमध्ये, मेयो काउंटीतल्या कासलबारच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून 'डिपेंडंट' होऊन आले. लेक झाली. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

डॉक्टर व्हायचं बारावीतच ठरलं होतं आणि बारावीतच राहिलं होतं. इथे मात्र कुठलीही पदवी असलेल्या माणसाला एक मोठी प्रवेश परीक्षा देऊन मेडिकलला जाता येतं, हे मला शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका आईकडून कळलं. तिने ते सहज सांगितलं, रेनकोट कुठल्या दुकानात स्वस्त मिळतो हे सांगावं तसं. मी घरी येऊन तीन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. चौथ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग फॉर्म कधी भरायचा?"

पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं. मी रडले वगैरे. नवरा म्हणाला, "परत दे की. इथली पोरं घेतात तसं गॅप इयर घे." मला हसू आलं. आपल्याकडे गॅप म्हणजे मुलाखतीत लपवायची गोष्ट, आणि इथे तिलाच ताठ मानेने सांगायचं नाव होतं. पण नुसतं घरी बसून पुस्तकं वाचायची नाहीत, हे मी ठरवलं. या खेपेला मला पेशंटचा चेहरा बघायचा होता.

'मेडिकल स्क्राइब' हा शब्द मला जुन्या कंपनीमुळे माहीत होता. डॉक्टर पेशंट तपासतो, तेव्हा शेजारी बसून सगळं टिपून घेणारा माणूस. मी इंटरनेटवर शोधलं तर सगळ्या जागा अमेरिकेतल्या. आयर्लंडमध्ये असं काही पदच कुणाला ठाऊक नव्हतं. मग मी बायोडेटाच्या वीस प्रती काढल्या आणि कासलबारच्या आसपासचे दवाखाने पायी आणि बसने पालथे घातले. रिसेप्शनवरच्या बायका इतक्या गोड बोलायच्या की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, चार ठिकाणी नोकरी पक्की. "किती छान केलंस गं स्वतः आलीस ते!" "तुला नक्की लक्षात ठेवू हं." इथे नकार कधीच नकारासारखा दिसत नाही, हे कळायला मला सप्टेंबरअखेर उजाडली.

नोकरी शेवटी मिळाली ती लेकीच्या कानामुळे. तिचा कान ठणकत होता. आमच्या डॉक्टरकडे त्या दिवशी जागा नव्हती, म्हणून बसने अर्ध्या तासावरच्या एका खेड्यातल्या डॉक्टरकडे गेलो. पासष्टीचे, उंच, खोल आवाजाचे गृहस्थ. त्यांनी लेकीचा कान बघितला, मग आमच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. बोटांचे सांधे सुजून गाठाळलेले होते. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं अक्षर. मध्येच वळून विचारलं, "ताप किती दिवस म्हणालात?" मी सांगितलं. पुन्हा टाइप, पुन्हा वळणं. "ताप किती दिवस?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, मी टाइप करू का?"

लेकीने माझी बाही ओढली. तिला माझी लाज वाटली होती. डॉक्टर मात्र खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत राहिले. "तुला येतं?"

"चार वर्षं तेच केलंय. मिनिटाला ऐंशी शब्द."

"माझे आठ होतात," ते म्हणाले. "चांगल्या दिवशी."

मी पर्समधून बायोडेटा काढून टेबलावर ठेवला. तो विसावा होता. तीन आठवड्यांनी त्यांच्या रिसेप्शनिस्टचा फोन आला.

मग पोलिसांकडची पडताळणी, गुप्ततेच्या कागदांवर सह्या, सगळं रीतसर झालं. रिसेप्शनवर एक पाटी लागली: डॉक्टरांसोबत नोंदी घेणारी व्यक्ती असेल, नको असल्यास सांगा. पहिल्या दिवशी सहा जणांनी नको सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईंनी दारातूनच मला आपादमस्तक न्याहाळलं आणि डॉक्टरांना विचारलं, "ही सगळ्या कासलबारभर सांगत फिरणार का?" डॉक्टर म्हणाले, "तिला कासलबारमध्ये अजून कुणी ओळखत नाही. सांगणार कुणाला?" बाई हसल्या, पण मला बाहेर जावंच लागलं.

मी सासूबाईंना फोनवर आनंदाने सांगितलं, "आई, मला सर्जरीत नोकरी लागली." इथे डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? अकोल्याजवळच्या गावातून घाबरा आवाज आला, "कोनाची सर्जरी? काय झालं वं?"

माझा कोपरा खिडकीशी होता. लहान टेबल, कीबोर्ड आणि डॉक्टरांना दिसेल असा पडदा. मी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं आणि लिहायचं. वाटलं होतं, सोपं आहे. दुसऱ्याच दिवशी एक ट्रॅक्टर-दुरुस्तीवाला आला, नाक लाल, आवाज बसलेला. म्हणाला, "डॉक्टर, मला जबरदस्त डोस झालाय." मी झरझर टाइप केलं: पेशंटने औषधाचा मोठा डोस घेतला आहे. डॉक्टरांनी पडद्याकडे नजर टाकली, चष्मा वर केला आणि त्या माणसाला विचारलं, "काय रे, विष वगैरे घेतलंस का?" तो बिचारा गडबडला. मग डॉक्टर हसत सुटले. इकडे सर्दी-पडशाला 'डोस' म्हणतात.

पेशंट गेल्यावर मात्र ते हसले नाहीत. "आज विनोद झाला," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी होणार नाही. तुला अर्थ कळला नाही तर त्यांचे शब्द लिही, जसेच्या तसे. अर्थ मी लावीन. तो माझा धंदा आहे."

पुण्यात आमचं काम नेमकं उलटं होतं. डॉक्टर काहीही बरळला तरी ते सफाईदार करून द्यायचं. ती सवय मोडायला मला नाताळ उजाडला. घरी मी लेकीकडे शिकवणी लावली. ती मराठी समजते, उत्तर इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत देते. माझी वही घेऊन मी तिला विचारायची, "हे म्हणजे काय गं?" आणि ती मोठ्या मास्तरणीच्या थाटात समजावून सांगायची. 'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणं, गुडघ्याने दगा देणं नव्हे. 'बोल्ड' मूल म्हणजे धीट नव्हे, व्रात्य. आणि 'ग्रँड' म्हणजे ठीक.

"ग्रँड म्हणजे ठीक नाही," डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "या काउंटीत ग्रँड म्हणजे अजून मेलो नाही. ग्रँडनंतरचं वाक्य ऐक. आणि एक लक्षात ठेव. खरी गोष्ट लोक निघताना सांगतात, दाराच्या मुठीवर हात ठेवून. दार बंद होईपर्यंत टाइप करत राहा."

जानेवारीतली एक सकाळ. सत्तरीच्या आसपासचे एक शेतकरी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी न्यायला आले. (पेशंटांच्या खुणा मी बदलून सांगते आहे. गुप्ततेच्या कागदावरची सही आजही लागू आहे.) कसे आहात? ग्रँड. छातीत काही? ग्रँड. झोप? ग्रँड. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि हात धुवायला वळले. नळ सुरू होता. ते गृहस्थ टोपी घालत दाराशी गेले आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "वरच्या शेतात जाताना आताशा तीनदा थांबावं लागतं. वय झालं." आणि गेले.

नळाच्या आवाजात डॉक्टरांना ते ऐकू गेलं नव्हतं. मी ते वाक्य टाइप केलं. मी बोलायचं नाही, हा नियम होता. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी वाचलं. टॉवेल तसाच हातात घेऊन ते बाहेर धावले. मी खिडकीतून पाहिलं, गाडी सुरू झाली होती आणि डॉक्टर तिच्या बॉनेटवर टॉवेल आपटत होते. गृहस्थ कुरकुरत परत आले. ईसीजीची पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. पाऊण तासात त्या गृहस्थांना ॲम्ब्युलन्समधून कासलबारच्या हॉस्पिटलात नेलं.

त्या दिवशी उरलेल्या पेशंटांच्या नोंदी मी नेहमीसारख्याच केल्या. घरी येऊन कणीक मळताना मात्र नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी ते वाक्य टाइप केलं नसतं तर? नवरा म्हणाला, "पण केलंस ना." मी म्हटलं, "हो. केलं." ते दोन शब्द बोलताना छातीत काहीतरी भरून आलं. सात वर्षांत ते मला झालं नव्हतं. त्याला अभिमान म्हणतात, हे आठवायला थोडा वेळ लागला.

दीड महिन्याने ते गृहस्थ आले, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून. खोलीत शिरताच डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. "चुगली केलीस ती तूच ना?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून बोलायची परवानगी दिली.

"हो," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "आज मग नीट लिही. ग्रँड नाहीये मी. पाय सुजतात."

त्यानंतर पाटी वाचून मला बाहेर काढणारे कमी झाले. खेडंच ते. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी स्वतःच सगळीकडे सांगितलं होतं.

फेब्रुवारीत सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. माझी परीक्षा मार्चमध्ये होती, लेकीला बघायला कुणीतरी हवं होतं. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत त्यांनी कुठेही जाणं सोडलं होतं. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत. घरात सगळे म्हणायचे, वयाने हट्टी झाल्यात. मीही म्हणायची.

आल्या आणि पंधरा दिवसांत त्यांना खोकला धरला. रात्रंदिवस ढास. शेवटी मी त्यांना आमच्याच दवाखान्यात नेलं. मी सवयीने माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाले, तर डॉक्टरांनी हात आडवा केला.

"आज तू लिहायचं नाहीस. तू आज घरची आहेस. तिच्या शेजारी बस आणि फक्त तिचे शब्द मला सांग. लिहिणार मी."

आणि ते दोन बोटांनी टाइप करायला बसले. सासूबाई त्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. "याच्या बोटाले काय झालं वं? किती सुजले हायेत. एरंडाचं तेल कोमट करून लावाले सांग त्याले."

मी सांगितलं. डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि ते वेगळ्या कागदावर लिहून घेतलं.

खोकल्याबद्दल बोलून झालं. छाती साफ होती. डॉक्टरांनी आणखी काही सांगायचं आहे का विचारलं. सासूबाई नाही म्हणाल्या आणि उठल्या. पदर सारखा केला. मग उभ्याउभ्याच, माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत बोलल्या, "खोकलं का कपडे वल्ले होते. सहा वर्सं झाले. म्हनून कोठी जात नाई मी. लगनातई नाई गेली. यष्टीत बसाचं भेव वाटते."

हट्ट म्हणत होतो आम्ही त्याला.

मी डॉक्टरांना पटकन इंग्रजीत त्याचं वैद्यकीय नाव सांगितलं. त्यांनी टाइप करायला बोट उचललंच नाही.

"हे तुझे शब्द झाले. ती काय म्हणाली?"

मग मी सांगितलं. एकेक वाक्य, त्यांनी म्हटलं तसं. कपडे ओले होतात. सहा वर्षं. म्हणून कुठे जात नाही. नातीच्या लग्नालाही गेले नाही. बसमध्ये बसायची भीती वाटते. डॉक्टर टाइप करत राहिले, एक अक्षर, थांबणं, दुसरं अक्षर. त्या वेळी त्यांच्या संथपणाचा मला राग आला नाही. इतका वेळ त्या वाक्यांना कुणी दिलाच नव्हता.

"तिला सांग, हे फार बायकांना होतं आणि यावर उपाय आहे," ते म्हणाले. "आणि इथवर विमानात बसून आली, म्हणजे तुझ्यासाठी किती धीर केला असेल, तेही सांग."

मी पहिलं सांगितलं. दुसरं सांगताच येईना. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनते तो?"

"म्हणतात, तुम्ही माझ्यासाठी आलात."

"मंग? कोनासाठी येतीन?" त्या म्हणाल्या आणि परत खुर्चीत बसल्या.

दवाखान्यातल्या नर्सने बसल्याबसल्या लघवी रोखणारे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले, मी शेजारी बसून भाषांतर केलं. सासूबाई ते दिवसातून तीनदा, घड्याळ लावून करायच्या. लेकीला वाटायचं आजी ध्यान लावते. आठ आठवड्यांनी, त्या परत जायच्या आधी, डब्लिनला मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. कासलबारहून गाडीने तीन तास. वाटेत नवऱ्याने दोनदा विचारलं, "आई, कुठे थांबायचं का?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "चाल तू." तिथे त्यांनी साऱ्या बायकांना माझी ओळख करून दिली. 'माही सून' म्हणून सुरुवात केली आणि पुढे जे काही सांगितलं त्यात निम्मं माझ्या कामाबद्दल होतं, निम्मं त्यांच्या व्यायामाबद्दल. चार जणी त्यांना कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. जराही न लाजता त्या समजावत होत्या. हे सगळं त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिही. कोन्या बाईले कामी येईन."

परीक्षा मी या खेपेला शांतपणे दिली. निबंधात कमी शब्द वापरले.

प्रवेशाचा ईमेल जुलैत दुपारी आला. मी काम आटोपून परतीच्या बसमध्ये बसले होते. एकदा वाचला, फोन उलटा ठेवला, पुन्हा वाचला. नवऱ्याचा फोन लागेना, तो शिफ्टवर होता. अकोल्याकडे सासूबाई झोपायच्या तयारीत असतील. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. मी उठून ड्रायव्हरजवळ गेले.

"मला मेडिकलला प्रवेश मिळाला," मी म्हटलं.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तू ती दवाखान्यातली मुलगी ना? टाइप करणारी?"

"हो."

त्याने बस रस्त्याच्या कडेला घेतली, उभी केली आणि मागे वळून ओरडून सगळ्यांना सांगितलं. बसमध्ये नऊ जण होते. त्यांतल्या पाच जणांचं ब्लडप्रेशर मला पाठ होतं, एकाची मूळव्याध, एकीची न येणारी झोप. त्यांना माझ्याबद्दल मात्र टायपिंगपलीकडे आजवर काहीही माहीत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या दिवशी मला बाहेर पाठवणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई पुढच्याच सीटवर होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आता मी सांगते कासलबारभर."

बस आठ मिनिटं उशिरा पोचली. कुणीही तक्रार केली नाही.

लेक समर कॅम्पच्या फाटकाशी दप्तर पाठीला लावून उभी होती. मी गुडघ्यावर बसून तिला मराठीत सगळं सांगितलं. चार वर्षं, रोजचं कॉलेज, भरपूर अभ्यास. तिने नीट ऐकून घेतलं. मग तिच्या त्या मेयोच्या इंग्रजीत विचारलं, "मग तुझा डबा कोण भरणार?"

"मीच," मी म्हटलं.

"मी भरीन," ती म्हणाली. हे मात्र मराठीत म्हणाली.